चार भाषांचें एक राष्ट्र : स्वित्झर्लंड

युरोपच्या नकाशावर फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली या राष्ट्रांच्या मधोमध, आल्प्स पर्वताच्या रांगांत वसलेला एक लहानसा देश दिसतो. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ४१,००० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारें ९० लाख. समुद्रकिनारा नाहीं, सपाट जमीन थोडी, खनिज संपत्ति जवळजवळ नाहींच. अशा या देशाच्या नोटांवर चार भाषांतील मजकूर छापलेला असतो. नाण्यांवर मात्र या चारांपैकीं एकहि भाषा नसून देशाचें जुनें लॅटिन नांव कोरलेलें असतें. इवल्याशा नाण्यावर चार नांवें बसवावयाचीं कशीं, आणि एकच निवडावें तर उरलेल्या तिघींची समजूत घालावयाची कशी? जी भाषा आज कोणाच्याच घरीं बोलली जात नाहीं तिला तो मान देऊन हा पेंच सोडविला गेला.

अनेक भाषांचे लोक एका राज्यांत सलोख्यानें कसे नांदतात असा प्रश्न निघाला, कीं स्वित्झर्लंडचें उदाहरण हटकून दिलें जातें. त्यावरून काढलें जाणारें तात्पर्यहि ठरलेलें असतें : राज्यघटनेनें सर्व भाषांस मान्यता दिली आणि प्रश्न मिटला. या तात्पर्यांत अर्धेंच सत्य आहे. राज्यमान्यतेमुळें भाषाभाषांमधील कलह तेथें पुष्कळ अंशीं टळला, हें खरें. परंतु राज्यमान्यतेनें भाषा जगते, असें मात्र त्या देशाचा इतिहास सांगत नाहीं. तेथें राजमुद्रा मुळींच न लाभलेल्या कांहीं बोली आज भर जोमांत आहेत, आणि राजमुद्रा लाभलेली एक भाषा अस्तित्वासाठीं झगडत आहे. हे दोन्ही धागे उलगडून पाहिल्याशिवाय स्वित्झर्लंडचा धडा पुरता वाचला असें होणार नाहीं.

प्रथम आजची स्थिति पाहूं. आपली मुख्य भाषा म्हणून जर्मनचें नांव सांगणारे लोक तेथें शेंकडा सुमारें ६२ आहेत. फ्रेंच सांगणारे २३, इटालियन सांगणारे ८ आणि रोमांश सांगणारे जेमतेम अर्धा टक्का. कामधंद्यासाठीं बाहेरून आलेल्या लोकांच्या भाषा याखेरीज निराळ्या. देशाचे २६ प्रांत आहेत. त्यांस तेथें कँटन म्हणतात. त्यांपैकीं १७ प्रांतांचा कारभार जर्मन भाषेंत, ४ प्रांतांचा फ्रेंचमध्यें आणि एकाचा इटालियनमध्यें चालतो. बर्न, फ्रीबूर व व्हाले हे तीन प्रांत जर्मन-फ्रेंच असे द्विभाषिक आहेत. पूर्वेकडील ग्राउबुंडन हा एकटा प्रांत त्रिभाषिक असून तेथें जर्मन, रोमांश व इटालियन या तिन्ही भाषांस स्थान आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. देश चार भाषांचा असला, तरी तेथील प्रत्येक माणूस चार भाषा बोलतो असें मुळींच नाहीं. जिनीव्हाचा रहिवासी घरीं, शाळेंत व कचेरींत फ्रेंचच वापरतो. झुरिकचें कुटुंब जिनीव्हास राहावयास गेलें, तर त्या घरच्या मुलांना सरकारी शाळेंत फ्रेंचमधूनच शिकावें लागतें. भाषेचा हक्क तेथें माणसाच्या पाठोपाठ फिरत नाहीं. तो त्या त्या भूमीशीं बांधलेला असतो. ज्या गांवची जी भाषा, तीच त्या गांवच्या शाळेची व चावडीची भाषा, असा हा नियम आहे. त्यामुळें मोठ्या भाषेचे लोक लहान भाषेच्या मुलखांत कितीहि संख्येनें गेले तरी त्यांस तेथील भाषा स्वीकारणें भाग पडतें, आणि लहान भाषेला आपल्या अंगणापुरती तरी निर्भयता लाभते.

हा नियम कोणा एका शहाण्या पुरुषानें एके दिवशीं बसून ठरविलेला नाहीं. तो इतिहासाच्या ओघांत घडत गेला. स्विस संघाची परंपरा १२९१ सालच्या एका करारपत्रापासून सांगितली जाते. उरी, श्वीझ व उंटरवाल्डन या तीन डोंगरी खोऱ्यांतील लोकांनीं परस्परांच्या संरक्षणाची त्यांत शपथ घेतली. तें पत्र लॅटिनमध्यें असलें तरी शपथ घेणारे सारे लोक जर्मन बोलणारे होते. पुढें लूझर्न, झुरिक, बर्न अशीं शहरें त्यांस येऊन मिळालीं, तींहि जर्मनच. १४८१ सालीं संघांत आलेल्या फ्रीबूर शहरांत दोन्ही भाषा नांदत होत्या. परंतु संघांत प्रवेश होतांच तेथील सत्ताधारी मंडळींनीं कारभाराकरितां जर्मन पत्करली. १५१३ सालीं संघाचे तेरा सभासद झाले, आणि या तेराजणांच्या सभेचें काम जर्मनमध्येंच चाले. फ्रेंच व इटालियन बोलणारा मुलूख त्या काळींहि संघाच्या छायेखालीं होता; पण तो बरोबरीचा सभासद म्हणून नव्हे, तर कोठें अंकित म्हणून आणि कोठें मित्र म्हणून. बर्नच्या सैन्यानें १५३६ सालीं सव्हॉयच्या ड्यूककडून व्हो हा फ्रेंच मुलूख जिंकून घेतला. दक्षिणेकडील तिचीनोच्या इटालियन खोऱ्यांवर संघाचे सुभेदार राज्य करीत. जिनीव्हा, व्हाले व ग्राउबुंडन यांचा संबंध केवळ मैत्रीचा होता.

तथापि या जुन्या राज्यकर्त्यांची एक गोष्ट पुढें फार उपयोगी पडली. बर्नच्या धन्यांनीं व्होच्या लोकांवर आपला प्रॉटेस्टंट पंथ लादला, कर बसविले, सुभेदार नेमले. पण आपली भाषा त्यांच्यावर लादली नाहीं. प्रवचनें फ्रेंचमध्येंच होत राहिलीं. यांत उदारपणापेक्षां व्यवहारच अधिक होता, कारण त्या काळच्या राजाला प्रजेच्या निष्ठेची व कराची काळजी असे, तिच्या भाषेची नसे. परंतु भाषेच्या नांवानें मनांत साठलेला डंख मागें राहिला नाहीं, हा त्याचा लाभ पुढच्या पिढ्यांस मिळाला.

१७९८ सालीं फ्रेंच फौजा देशांत शिरल्या आणि जुना संघ कोसळला. त्या जागीं उभारलेल्या हेल्व्हेटिक प्रजासत्ताकानें अंकित मुलूख व धनी मुलूख हा भेद रद्द केला आणि कायदे जर्मन, फ्रेंच व इटालियन या तिन्ही भाषांत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. हें एकमुखी राज्य स्विस प्रकृतीस मानवलें नाहीं. १८०३ सालीं नेपोलियननें मध्यस्थी करून प्रांतांचे अधिकार त्यांस परत दिले. पण समता कायम राहिली. व्हो व तिचीनो हे कालचे अंकित मुलूख स्वतंत्र प्रांत म्हणून बर्न-झुरिकच्या मांडीला मांडी लावून बसले. १८१५ सालीं जिनीव्हा, नशातेल व व्हाले हेहि संघांत आले, आणि जर्मन भाषिकांचा संघ खऱ्या अर्थानें बहुभाषिक झाला.

यानंतर त्या देशांत एकदां यादवीहि झाली. १८४७ सालच्या नोव्हेंबरांत कॅथॉलिक पंथाचे सात प्रांत एका बाजूस व बहुतेक इतर प्रांत दुसऱ्या बाजूस असा लढा झाला. तो महिन्याच्या आंत आटोपला आणि त्यांत शंभराच्या आसपास माणसें पडलीं. या युद्धांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांतील तट भाषेवरून पडलेले नव्हते. लूझर्न, उरी, श्वीझ या जर्मन प्रांतांबरोबर द्विभाषिक फ्रीबूर व व्हाले होते. उलट बाजूस जर्मन झुरिक व बर्न यांच्या खांद्याला खांदा लावून फ्रेंच व्हो व जिनीव्हा लढले, आणि पंथानें कॅथॉलिक असूनहि इटालियन तिचीनो त्यांच्याच बाजूस होता. या सैन्याचा सेनापति द्यूफूर हा जिनीव्हाचा. धर्माची रेघ एकीकडून, भाषेची रेघ दुसरीकडून आणि शहर-खेड्यांतील भेदाची रेघ तिसरीकडून गेल्यामुळें आजचा विरोधक उद्यांचा सोबती होऊं शके. स्वित्झर्लंडांतील सलोख्याचें खरें रहस्य या एकमेकींस छेदणाऱ्या रेघांत आहे. त्या सर्व एकावर एक पडल्या असत्या, तर कोणतीहि घटना त्या देशास एकत्र ठेवूं शकली असती कीं नाहीं याची शंकाच आहे.

युद्धानंतर १८४८ सालीं नवी राज्यघटना झाली. तींत व्हो प्रांताच्या प्रतिनिधींच्या सूचनेवरून १०९ वें कलम घालण्यांत आलें, आणि जर्मन, फ्रेंच व इटालियन या तिन्ही राष्ट्रभाषा होत असें त्या कलमानें जाहीर केलें. बहुसंख्या जर्मनांची असतां त्यांनीं त्याविरुद्ध आग्रह धरला नाहीं. तेव्हांपासून संघाचे कायदे तिन्ही भाषांत प्रसिद्ध होत आले आहेत. तिन्ही पाठ सारखेच प्रमाण मानले जातात. अमुक मूळ आणि अमुक भाषांतर असा भेद न्यायालयांत चालत नाहीं. कायदेमंडळांत सभासद आपापल्या भाषेंत बोलतात. संघाच्या संस्थाहि एकाच ठिकाणीं गोळा केलेल्या नाहींत. कायदेमंडळ व मंत्रिमंडळ बर्न येथें, सर्वोच्च न्यायालय फ्रेंच मुलखांतील लोझान येथें आणि संघाचें फौजदारी न्यायालय इटालियन मुलखांतील बेलिंत्सोना येथें आहे. सातजणांच्या मंत्रिमंडळांत जर्मनेतर भाषिकांस जागा देण्याचा प्रघात जुना आहे. तोहि नेहमींच सर्वांस पुरा पडतो असें नाहीं. १९९९ सालीं तिचीनोच्या एका मंत्र्यानें निवृत्ति घेतल्यावर पुढचा मंत्री त्या प्रांतास २०१७ सालीं मिळाला. अठरा वर्षें इटालियन भाषिकांचें स्थान तेथें रिकामें होतें, आणि तें शल्य तिचीनोंत बोलून दाखविलें जात असे.

ही व्यवस्था कसोटीस लागलीच नाहीं असें मात्र नव्हे. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां स्वित्झर्लंड तटस्थ राहिलें, पण मनें तटस्थ राहिलीं नाहींत. जर्मन भाषिकांचा ओढा जर्मनीकडे व फ्रेंच भाषिकांचा फ्रान्सकडे लागला. एकाच देशाचीं वृत्तपत्रें परस्परांवर आग पाखडूं लागलीं. अशा वेळीं कार्ल श्पिटेलर या कवीनें १४ डिसेंबर १९१४ रोजीं झुरिक येथें एक व्याख्यान दिलें. हा कवि जर्मन भाषेंत लिहिणारा. त्याचा वाचकवर्ग मुख्यतः जर्मनींतला. सीमेपलीकडे आपली भाषा बोलणारा तो शेजारी, आणि सीमेच्या आंत दुसरी भाषा बोलणारा तो भाऊ, हा भेद विसरूं नका, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. या एका व्याख्यानानें जर्मनींतील वाचकांचा रोष त्यानें ओढवून घेतला. त्याचें मोल त्यास ठाऊक होतें, तरी तो बोलला. पुढें १९१९ सालचें साहित्याचें नोबेल पारितोषिक त्याला देण्यांत आलें. राष्ट्र एकत्र ठेवण्यास नुसतें कलम पुरत नाहीं. मोठ्या भाषेंतील कोणी तरी आपल्याच माणसांचा राग पत्करून लहान भाषेच्या बाजूनें उभें राहावें लागतें, हें या प्रसंगानें दाखविलें.

दोन भाषांच्या मधली ही चीर पुरती बुजलेली नाहीं. बटाट्याचा कीस तव्यावर परतून करावयाच्या ‘रोश्टी’ या जर्मन मुलखांतील आवडत्या पदार्थावरून लोकांनीं या भाषिक सीमेला थट्टेनें ‘रोश्टीचा खंदक’ असें नांव दिलें आहे. ६ डिसेंबर १९९२ रोजीं युरोपीय आर्थिक क्षेत्रांत सामील व्हावें कीं नाहीं यावर सार्वमत झालें, तेव्हां सर्व फ्रेंच प्रांतांनीं होकार दिला, बहुतेक जर्मन प्रांतांनीं नकार दिला, आणि ५०.३ टक्के मतांनीं तो प्रस्ताव फेटाळला गेला. त्या दिवशीं थट्टेंतला खंदक फ्रेंच भाषिकांस खराच वाटला.

ज्युराचें प्रकरण तर याहून कडू. १८१५ सालीं व्हिएन्नाच्या परिषदेनें ज्युरा डोंगरांतील फ्रेंच मुलूख बर्न या जर्मन प्रांतास जोडून दिला. त्याच्या उत्तर भागांतील लोक भाषेनें फ्रेंच आणि पंथानें कॅथॉलिक. बर्न भाषेनें जर्मन व पंथानें प्रॉटेस्टंट. येथें दोन रेघा एकावर एक पडल्या, आणि जें इतरत्र झालें नाहीं तें येथें झालें. दीर्घ चळवळ झाली, कांहीं ठिकाणीं जाळपोळहि झाली, आणि अखेरीस देशव्यापी मतदानाच्या संमतीनें १ जानेवारी १९७९ पासून ज्युरा हा निराळा प्रांत अस्तित्वांत आला. दक्षिण ज्युराचे लोकहि फ्रेंचच बोलणारे. परंतु ते प्रॉटेस्टंट असल्यानें त्यांनीं बर्नमध्येंच राहणें पसंत केलें. केवळ भाषा एवढेंच कारण असतें तर हे दोन भाग वेगळे झाले नसते.

आतां राजमुद्रेकडून बोलीकडे वळूं. घटनेंत ‘जर्मन’ असा शब्द आहे. परंतु झुरिक, बर्न वा बाझल येथील घरांत कान दिला, तर पुस्तकांत शिकलेली जर्मन तेथें ऐकूं येत नाहीं. तेथें आलेमानी कुळांतील बोली चालतात, आणि त्या सर्वांस मिळून स्विस-जर्मन असें म्हणतात. लिहावयाची भाषा प्रमाण जर्मन, बोलावयाची भाषा बोली, असा चोख विभाग त्या लोकांनीं करून ठेवला आहे. वृत्तपत्र, कायदा, पाठ्यपुस्तक हीं प्रमाण भाषेंत; दुकान, दवाखाना, बँक, जेवणाचें टेबल हीं बोलींत. विशेष हा कीं, बोली हें तेथें अडाणीपणाचें लक्षण समजलें जात नाहीं. विद्यापीठाचा आचार्य आणि गवळी, पेढीचा मालक आणि त्याचा हमाल हे एकमेकांशीं त्याच बोलींत बोलतात. ही बोलीहि एक नाहीं. बाझलची निराळी, बर्नची निराळी. आणि व्हालेच्या वरच्या खोऱ्यांतील बोली तर झुरिकच्या माणसालाहि कळण्यास जड जाते.

या बोली नष्ट होतील अशी भीति एकोणिसाव्या शतकांत विद्वानांस वाटत होती. म्हणून १८६२ सालीं फ्रीड्रिश श्टाउब या गृहस्थाच्या पुढाकारानें बोलींतील शब्द गोळा करण्याचें काम सुरू झालें. त्या कोशाचा पहिला भाग १८८१ सालीं बाहेर पडला, आणि तें काम एकविसाव्या शतकांतहि चालू राहिलें. परंतु शब्द वेंचून ठेवणाऱ्यांची भीति खरी ठरली नाहीं. १९३३ नंतर जर्मनींत हिटलरची सत्ता आली आणि सर्व जर्मन भाषिकांस एका छत्राखालीं आणण्याची भाषा सुरू झाली. तेव्हां ‘आम्ही तुमचे नव्हे’ हें सांगण्यास स्विस माणसापाशीं बोलीसारखें दुसरें साधन नव्हतें. बोलीचा अभिमान त्या दहा वर्षांत वाढला. बोलीलाच लिखित भाषेचें स्वरूप देऊन जर्मनपासून साफ वेगळें व्हावें, अशीहि सूचना कांहींजणांनीं केली. पण ती लोकांनीं उचलली नाहीं. गोटफ्रीड केलरसारख्या आपल्याच लेखकांनीं ज्या भाषेंत लिहिलें ती सोडून देण्याची त्यांची तयारी नव्हती. २०११ सालीं झुरिक प्रांतांतील मतदारांनीं बालवर्गांत मुलांशीं बोलींतच बोललें जावें असा कौल दिला. घटनेंत नांवहि नसलेल्या बोलीला लोकांनीं स्वतः होऊन दिलेला हा मान होता.

मात्र बोलीच्या या बळाला दुसरी बाजू आहे. लोझानचा विद्यार्थी शाळेंत वर्षानुवर्षें प्रमाण जर्मन शिकतो आणि नोकरीसाठीं झुरिकला जातो. तेथें गेल्यावर कचेरींत, फराळाच्या सुटींत, शेजाऱ्यांच्या गप्पांत जी भाषा त्याच्या कानांवर पडते ती त्याला कोणी शिकविलेलीच नसते. ज्या बोलीनें जर्मनीपासून वेगळेपण राखलें, तीच घरच्या भावाला परकें करते. फ्रेंच भाषिकांची ही तक्रार खोटी नाहीं.

फ्रेंच मुलखांतील बोलींची कथा अगदीं उलट आहे. तेथेंहि एके काळीं पॅरिसची फ्रेंच बोलली जात नसे. ज्युराचा भाग वगळला तर बहुतेक सर्वत्र फ्रँको-प्रोव्हान्साल कुळांतील बोली चालत. त्यांस लोक ‘पात्वा’ म्हणत. परंतु तेथील शहरांतील प्रतिष्ठित वर्गानें पुस्तकी फ्रेंच हीच बोलण्याचीहि भाषा म्हणून उचलली, धर्मग्रंथ त्याच भाषेंत आले, आणि शाळांनीं शेवटचा घाव घातला. व्हो प्रांतानें १८०६ सालीं व फ्रीबूरनें १८८६ सालीं शाळेंत पात्वा बोलण्यास बंदी केली. आज व्हालेमधील एव्होलेनसारख्या एखाद्या डोंगरी गांवीं ती बोली अजून कानांवर पडते. जिनीव्हांत १६०२ सालच्या डिसेंबरांत सव्हॉयचा रात्रीचा हल्ला परतविल्याचा उत्सव दरवर्षीं होतो. त्या वेळीं म्हटलें जाणारें शहराचें गीत जुन्या पात्वांतील आहे. पण शहरांत ती भाषा बोलणारा कोणी उरलेला नाहीं. एकाच देशांत, एकाच घटनेखालीं, दोन्ही ठिकाणच्या बोलींस राजमुद्रा नसतां एक जगली व दुसरी मावळली. फरक पडला तो घरांतील वडीलधाऱ्यांच्या व गांवांतील मोठ्या माणसांच्या वागण्यामुळें. त्यांना आपल्या बोलीची लाज वाटली, तेथें मुलांनीं ती टाकली.

आणि आतां चौथी भाषा. रोमन लोकांनीं ख्रिस्तपूर्व १५ सालीं आल्प्समधील रेशिया प्रांत जिंकला. तेथें रुजलेल्या लॅटिनपासून रोमांश भाषा निघाली. ग्राउबुंडनमध्यें सुमारें दीडशें खोरीं आहेत, आणि हिवाळ्यांत घाट बंद पडले म्हणजे एका खोऱ्याचा दुसऱ्याशीं संबंध तुटत असे. त्यामुळें या एका लहान भाषेचे पांच लिखित प्रकार झाले. एंगादीन खोऱ्यांतील याकियाम बिफ्रुन यानें १५६० सालीं बायबलच्या नव्या कराराचें रोमांश भाषांतर छापलें, म्हणजे या भाषेची ग्रंथपरंपरा चांगली साडेचारशें वर्षांची आहे. परंतु प्रांताची राजधानी कूर हें शहर १४६४ सालीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. पुनर्बांधणीसाठीं आलेले कारागीर जर्मन बोलणारे होते, आणि त्यांच्याबरोबर शहराची भाषाहि बदलत गेली. तेव्हांपासून रोमांश लोकांना स्वतःचें असें एकहि मोठें शहर उरलें नाहीं. पुढें रेल्वे आली, प्रवासी आले, सांक्ट मोरित्सची विश्रांतिगृहें उभीं राहिलीं. त्या सर्वांबरोबर जर्मन आली. १८८० च्या खानेसुमारींत रोमांश बोलणारे देशाच्या लोकसंख्येंत शेंकडा १.४ होते, २००० सालीं ते ०.५ राहिले. आज प्रौढ रोमांश माणसाला जर्मन येतेच. तिच्यावांचून त्याचें चालत नाहीं.

या भाषेला मान देण्यांत स्विस राष्ट्रानें कसूर केली नाहीं. इटलींतील कांहीं लोक रोमांश ही इटालियनचीच एक बोली होय असें सांगून त्या मुलखावर डोळा ठेवूं लागले, तेव्हां २० फेब्रुवारी १९३८ रोजीं सार्वमत घेऊन रोमांश ही चौथी राष्ट्रभाषा ठरविण्यांत आली. शेंकडा ९१ हून अधिक मतें त्या बाजूनें पडलीं. मतदान करणाऱ्यांपैकीं बहुतेकांस त्या भाषेंतील एक वाक्यहि येत नव्हतें. १९९६ सालीं आणखी एका सार्वमतानें रोमांश लोकांशीं व्यवहार करतांना ती संघाची राजभाषाहि झाली. एवढा सन्मान इतक्या थोड्या लोकांच्या भाषेला क्वचितच मिळाला असेल.

पण सन्मान आला तसा एक नवा पेंचहि आला. सरकारी कागद पांच प्रकारांपैकीं कोणत्या रोमांशमध्यें लिहावयाचे? १९८२ सालीं झुरिकचे भाषाशास्त्रज्ञ हाइन्रिश श्मिड यांनीं सर्व खोऱ्यांस समजेल अशी एक सामायिक लिखित भाषा रचली. तिला ‘रुमांच ग्रिशुन’ म्हणतात. ज्या शब्दाच्या बाजूनें मोठ्या प्रकारांचें बहुमत तो शब्द घ्यावयाचा, अशी तिची साधारण रीत. घराला एका खोऱ्यांत ‘काझा’, दुसऱ्यांत ‘च्येझा’ आणि तिसऱ्यांत ‘च्याझा’ म्हणतात. नव्या भाषेनें ‘च्याझा’ घेतलें. सरकारी कागदांपुरतें हें सोयीचें झालें. परंतु २००३ सालीं प्रांताच्या कायदेमंडळानें खर्च वांचविण्यासाठीं पाठ्यपुस्तकें यापुढें याच भाषेंत काढावयाचें ठरविलें, आणि २००७ पासून कांहीं गांवच्या शाळांतून मुलें ती शिकूं लागलीं. तेव्हां खोऱ्याखोऱ्यांतून पालक उठले. आजीनें पाळण्यापाशीं म्हटलेले शब्द पुस्तकांत नाहींत आणि पुस्तकांतले शब्द गांवांत कोणीच बोलत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. २०११ च्या सुमारास ही चळवळ जोरांत आली, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. बहुतेक शाळा पुन्हां आपापल्या खोऱ्याच्या रोमांशकडे वळल्या.

या वादांत कोणती बाजू बरोबर हें ठरविणें सोपें नाहीं. अर्ध्या टक्क्याच्या भाषेला पांच तऱ्हांचीं पुस्तकें, पांच तऱ्हांचे कोश परवडत नाहींत. ती विखुरली तर लवकर संपेल, हें सुधारकांचें म्हणणें हिशेबास धरून आहे. आणि जी भाषा कोणाच्याच आईची नाहीं ती मुलाच्या तोंडीं बसत नाहीं. तें मूल मग सरळ जर्मनकडेच जाईल, हें पालकांचें भयहि अनुभवास धरून आहे. शेजारच्या स्विस-जर्मनांनीं लिहिण्याची एक व बोलण्याच्या अनेक असा मार्ग काढला. पण त्यांच्या पाठीशीं कोट्यवधि लोकांची जर्मन भाषा उभी होती. रोमांश लोकांच्या पाठीशीं कोणतेंहि मोठें राष्ट्र नाहीं. त्यांची भाषा या डोंगरांत टिकली नाहीं तर जगांत दुसरीकडे कोठेंच टिकावयाची नाहीं.

अलीकडे या जुन्या घडींत इंग्रजीनेंहि पाय टाकला आहे. या शतकाच्या आरंभीं झुरिक प्रांतानें प्राथमिक शाळांत फ्रेंचच्या आधीं इंग्रजी शिकविण्यास सुरुवात केली, आणि इतर कांहीं जर्मन प्रांतांनीं त्याचें अनुकरण केलें. फ्रेंच भाषिकांस तो आपला उपमर्द वाटला. ज्या देशांत शेजाऱ्याची भाषा शिकणें हें नागरिकाचें कर्तव्य समजलें जाई, त्या देशाचीं मुलें उद्यां एकमेकांशीं तिसऱ्याच भाषेंत बोलूं लागलीं, तर सोय होईल. परंतु शेजाऱ्याच्या घरीं त्याच्या भाषेंत हांक मारण्यांत जो आदर असतो तो त्या सोयींत राहणार नाहीं.

स्वित्झर्लंडच्या सातशें वर्षांच्या अनुभवाचा इत्यर्थ असा आहे. भाषांमधील भांडण मिटविणें हें राज्याच्या हातचें आहे. मोठ्या भाषेनें संयम राखला, लहान भाषेला तिच्या भूमीवर निर्भय राहूं दिलें, आणि धर्म, भाषा व सत्ता यांच्या रेघा एकावर एक पडूं दिल्या नाहींत, तर तें साधतें. भाषा जगविणें हें मात्र राज्याच्या एकट्याच्या हातचें नाहीं. त्याला घरांतील माणसें लागतात. कूर शहरांत ती माणसें बदललीं तेव्हां भाषा गेली. झुरिकमध्यें तीं आपल्या शब्दांना चिकटून राहिलीं, म्हणून राजमुद्रेवांचून बोली टिकली. एंगादीनच्या व ऱ्हाइनच्या खोऱ्यांतील गांवांत आज संध्याकाळीं मुलाला जेवावयास बोलावतांना आई कोणत्या भाषेंत हांक मारते, यावर चौथ्या राष्ट्रभाषेचें पुढील शतक अवलंबून आहे.